धाकट्या खडपाची साद

आवाज मी वाढवला. डॉक्टर सोहोनींनी नाही, त्यांच्या संस्थेनं नाही आणि माझ्या केतकीनं तर नाहीच नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण वाडीत हल्ली जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतोय आणि माझी पाळी आली की 'दिगू बिचारो, त्याका काय कळता' म्हणून सोडून देतोय. मी बिचारा नाही. मी दिगंबर मेथर, मेथर साउंड सर्व्हिस, मुक्काम मालवणच्या उत्तरेची एक वाडी. आवाज हा माझा धंदा आहे आणि त्यातलं मला सगळं कळतं.

पंचवीस वर्षं मी जत्रा केल्या, दशावतार केले, गणपती आणि लग्नं केली. आमच्या धंद्यात दोन गोष्टी आल्या की माणूस तरतो. पहिली, शेजारच्या वाडीच्या मंडपापेक्षा आपला आवाज लांब गेला पाहिजे. दुसरी, पोलीस मीटर घेऊन आले की आकडा कायद्यातच दिसला पाहिजे. दुसरी वाटते तेवढी अवघड नाही. साहेबांना खुर्ची कुठे मांडायची हे आपण ठरवायचं. कर्ण्याच्या पाठीमागे, जाड भिंतीच्या आडोशाला. तिथे चहा द्यायचा. साहेब चहा घेतात आणि मीटरही तिथेच काढतात.

सन २०३९च्या श्रावणात डॉक्टर सोहोनी आमच्या पडवीत येऊन बसल्या तेव्हा त्यांना असा माणूस हवा होता ज्याला कर्णे कळतात आणि ज्याला होडीत ओकारी येत नाही. बाई पुण्याच्या, समुद्रातल्या माशांच्या अभ्यासक, साठीला टेकलेल्या, बोलायला एकदम स्वच्छ. त्यांनी पहिल्याच दिवशी मला एका माशाचा फोटो दाखवला. अंगठ्याएवढा, पांढरा, अंगावर तीन काळे पट्टे.

"याला तुमच्याकडे काय म्हणतात, मेथर?"

"काही नाही म्हणत, मॅडम." खरंच नव्हतं नाव. जो ताटात येत नाही त्याला आमच्याकडे नाव ठेवायच्या फंदात कोण पडतंय!

शास्त्रातलं त्याचं नाव डॅसिलस. या कुळाच्या दहा-अकरा जाती आहेत, सगळ्या उष्ण समुद्रातल्या, सगळ्या प्रवाळाला धरून राहणाऱ्या. आमच्याकडचा हा पट्टेवाला प्रवाळाच्या फांद्याफांद्यांच्या झुडपात घर करतो. एका झुडपात एक कुटुंब, पाच ते पंचवीस मासे, आणि एकदा झुडूप धरलं की जन्मभर तेच. मोकळ्या वाळूवरून चार हात पलीकडच्या झुडपातही जाणार नाही. भीती दिसली की सगळे एकदम फांद्यांत शिरतात. झुडपालाही त्यांचा उपयोग होतो. मासे झोपेतसुद्धा पंख हलवत राहतात, त्यामुळे फांद्यांतलं पाणी खेळतं राहतं आणि मासेवालं झुडूप बिनमाशांच्या झुडपापेक्षा जोमानं वाढतं.

पिल्लाची गोष्ट मात्र वेगळी. अंडं खडकाला चिकटलेलं असतं, बाप राखण करतो, पण फुटल्याबरोबर पिल्लू प्रवाहाबरोबर उघड्या समुद्रात जातं. तांदळाच्या कणीपेक्षा बारीक, काचेसारखं आरपार. तीन-चार आठवडे ते तिथे वाढतं आणि मग त्याला घर शोधावं लागतं. एवढ्या समुद्रात त्याला दिसणार काय? ते ऐकतं. जिवंत प्रवाळाचं खडप, म्हणजे पाण्याखालचा खडकाळ पट्टा, कधी गप्प नसतं. लाखो बारक्या कोळंब्या नांग्या वाजवत असतात, मासे घुमत असतात, दगड कुरतडत असतात. पाण्यात माईक सोडून ऐकलं तर तव्यावर मोहरी तडतडावी तसं ऐकू येतं. पिल्लू त्या तडतडीच्या दिशेनं पोहत येतं. मेलेलं खडप मुकं असतं, त्याच्याकडे कोणी येत नाही.

आमच्याकडे अशी दोन खडपं. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावरचं ते धाकटं, अर्धंअधिक मेलेलं. त्याच्यापासून बाहेर पंधरा किलोमीटरवर ते थोरलं, खोल, थंड पाण्यातलं, भरलेलं. डॉक्टरांच्या संस्थेनं थोरल्या खडपाचा हजारो तासांचा आवाज संगणकाला ऐकवून त्यातला नेमका तो भाग वेगळा काढला होता ज्याच्यामागे डॅसिलसचं पिल्लू वळतं. बाकी सगळा गलबला गाळलेला. तो शुद्ध आवाज धाकट्या खडपावर वाजवायचा, पिल्लं बोलवायची, झुडपांना मासे मिळवून द्यायचे आणि खडप परत उभं करायचं. प्रकल्पाचं नाव 'साद'.

"दोन कर्णे, मेथर," डॉक्टर म्हणाल्या. "पोच दोन किलोमीटर. त्याच्या पलीकडे एक मीटर नाही. ही साद खऱ्या खडपापेक्षा गोड आहे, हे लक्षात ठेवा. थोरल्या खडपावर जाणारी पिल्लं आपल्याला नकोत. वाहून फुकट जाणारी तेवढी हवीत."

मी मान डोलावली. मला तेव्हा ते कळलंही होतं.

केतकी माझी एकुलती एक मुलगी. तेव्हा वीस वर्षांची होती, समुद्रशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला, आणि सुट्टीत पर्यटकांना पाण्याखाली फिरवायची. डॉक्टरांनी मासे मोजायचं काम तिला दिलं. नियम असा की कर्ण्यांच्या पिंजऱ्यापासून तीस मीटरच्या आत पाणबुड्यानं जायचं नाही, पिल्लं बिथरतात. पिंजरा मी होडीतून दोरानं वर ओढायचा, तपासायचा आणि खाली सोडायचा. म्हणजे पिंजऱ्यात काय आहे ते फक्त मला ठाऊक.

पहिल्या हंगामात, दिवाळीनंतर, तिनं एकवीस दिवस बुड्या मारल्या. शेवटच्या दिवशी वर आली आणि होडीच्या काठाला नुसती लटकून राहिली.

"किती गावले?" मी विचारलं.

"अकरा."

"आज?"

"आज न्हय, बाबा. सगळे मिळान अकरा." मुखवटा कपाळावर सारून ती हसायचा प्रयत्न करत होती आणि तिला ते जमत नव्हतं. "मॅडम म्हणतत, आणखी एक वरस बघतले. नायतर बंद."

त्या पोरीनं लहानपणापासून कधी माझ्याकडे काही मागितलं नाही. तेव्हाही मागितलं नाही. पण माझ्या कर्ण्यासमोर रिकामं मैदान पडलंय आणि माझी पोर तिथे एकटी उभी आहे असं मला झालं. जत्रेत असं झालं की आम्ही काय करतो? आवाज वाढवतो.

संस्थेनं दुरुस्तीसाठी सहा जादा कर्णे पाठवले होते, ते घरी पडून होते. पुढच्या हंगामाआधी त्यातले दोन पिंजऱ्यात चढवले. किनाऱ्यावरच्या खोलीत माझा जत्रेचा अँप्लिफायर जोडला. आणि पाण्यातला मीटर, ज्याचा आकडा दर तासाला पुण्याला जायचा, तो उचलून खडकाच्या पाठीमागच्या कपारीत बसवला. आकडा पूर्वीइतकाच दिसू लागला. मला आठवतंय, ते जमल्यावर मी स्वतःवरच खूश होऊन शीळ घातली होती.

त्या वर्षी सहाशे चाळीस पिल्लं आली. पुढच्या वर्षी आणखी दोन कर्णे चढवले, साडेतीन हजार आली. त्याच्या पुढच्या वर्षी राहिलेले दोन. एकावर एक आठ कर्णे रचले, मोठ्या जत्रेत रचतात तसे, आणि केतकीनं मोजणी सोडून दिली. पाण्यातून वर आली ती ओरडतच.

"बाबा! एकेका झाडात चाळीस चाळीस! नखाएवढे! माझ्या बोटावर येऊन बसतत मेले!"

तिनं मला होडीतच मिठी मारली, सगळा भिजून गेलो. असं सुख मला तोवर ठाऊक नव्हतं, खोटं कशाला बोलू. झुडपं खरंच वाढू लागली होती. डॉक्टर सोहोनींच्या हाताखाली केतकीची पीएचडी सुरू झाली, तिचा निबंध परदेशात छापून आला. त्यात एक आकृती होती, धाकट्या खडपाभोवती दोन किलोमीटरचं वर्तुळ, आणि खाली बारीक अक्षरात, 'ध्वनिपातळीची नोंद: डी. मेथर'. माझ्या बायकोनं, शालननं, ते पान काच लावून ओटीवर टांगलं.

मग २०४४चा एप्रिल आला. पाणी तापायला लागलं ते थांबेचना. किनाऱ्याजवळ पाय घातला तर आंघोळीचं पाणी वाटायचं. प्रवाळाला ताप सोसत नाही. त्याच्या अंगात राहणारं आणि त्याला जेवू घालणारं सूक्ष्म शेवाळ तो गरम पाण्यात बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि उपाशी मरतो. तीन आठवड्यांत धाकटं खडप चुन्यासारखं पांढरं झालं, पाचव्या आठवड्यात त्याच्यावर शेवाळाचे मळकट केस उगवले. चार वर्षांत आलेली आमची सगळी पिल्लं, आता मोठी झालेली, त्या मेलेल्या फांद्यांत एक-एक करून संपली.

केतकी दोन दिवस जेवली नाही. मग म्हणाली, "थोरल्यावर जाऊया. तां खोल हा, थंड हा. तां वाचला आसतला."

मेच्या मध्यावर आम्ही दोघं गेलो. मी होडी धरली, ती खाली उतरली. पाऊण तासानं वर आली आणि डोळे पुसू लागली.

"मेला?" मी विचारलं.

"नाय, बाबा. जिवंत हा. झाडां अशी भरली हत की बघीत ऱ्हवशीत."

"मगे रडतंस कित्याक?"

"बारको एक नाय." ती होडीत चढून माझ्यासमोर बसली. "चाळीस झाडां बघलंय. दोन-दोन, तीन-तीन मोठे मासे हत. ह्या वर्साचा पिल्लू नाय, गेल्या वर्साचा नाय, त्याच्या आदल्या वर्साचा पण नाय. सगळे म्हातारे. असा कसा झाला?"

कसं झालं ते मला त्याच क्षणी समजलं. थोरल्या खडपावर अंडी फुटत होती, पिल्लं समुद्रात जात होती, आणि घरी परतायची वेळ झाली की त्यांना माझे आठ कर्णे ऐकू येत होते. मी होडीचं इंजिन सुरू केलं.

डॉक्टर सोहोनी दुसऱ्या दिवशी आल्या. पडवीत नकाशा पसरला, कंपास घेतला, धाकट्याभोवती दोन किलोमीटरचं वर्तुळ काढलं. थोरलं त्याच्या कितीतरी बाहेर होतं.

"सादेमुळे नाही," त्या म्हणाल्या. "अंतरच बसत नाही. दरवर्षी वाढणाऱ्या उष्णतेनं अंडी नासत असणार."

केतकी माझ्याकडे वळली. तिनं संशयानं विचारलं नाही, नुसतं तपासून घ्यायचं म्हणून विचारलं. "बाबा, आवाज मदी कधी वाढललो काय?"

"नाय गो," मी म्हटलं. "लॉगात हा तितकोच."

"मगे उष्णताच," असं म्हणून ती लगेच पुढच्या कागदाकडे वळली. इतका विश्वास होता तिचा माझ्यावर. त्या दोघींनी ठरवलं की पावसाळ्यानंतर धाकट्यावर सिमेंटचे सांगाडे टाकायचे, त्यांना वाढवलेल्या प्रवाळाच्या फांद्या बांधायच्या आणि साद चालू ठेवायची. थोरल्यावर तशीही पिल्लं जगत नसतील तर निदान इथे तरी जगतील.

त्या संध्याकाळी मी शालनला सगळं सांगितलं. ती वांगी चिरत होती. विळी बाजूला केली.

"चेडवाक सांगा," ती म्हणाली.

"तिची पीएचडीची परीक्षा डिसेंबरात हा. निबंध खोटो ठरतलो. सगळा जातला तिचा."

"आज नाय तर उद्या तिका कळतलाच. तुमी सांगतल्यात काय मी सांगू?"

"मी सांगतंय. परीक्षा होऊं दे."

शालननं विळी परत ओढली. माझं ऐकून ती गप्प बसली, तो दोषही माझाच. पावसाळाभर समुद्र बंद, होड्या वर ओढलेल्या. कर्णेही बंद होते, ते दरवर्षी दिवाळीआधी सुरू व्हायचे. म्हणजे माझ्याकडे पुरते चार महिने होते. रोज सकाळी उठून मी ठरवायचो की आज बोलायचं, आणि चहा होईपर्यंत केतकी समोर वही घेऊन बसलेली असायची.

मला एक पळवाटही होती. दिवाळीआधी पिंजरा खाली सोडताना सहा कर्णे काढून घ्यायचे, कोणाला पत्ता लागला नसता. मी गेलोही होतो पाना घेऊन. एक बोल्ट सैल केला. मग मनात आलं की ह्याच हंगामात आकडा एकदम पडला तर सगळे विचारतील का पडला. तिची परीक्षा दीड महिन्यावर. एका हंगामानं काय होतंय, मी स्वतःशी म्हटलं, थोरल्यावरचे म्हातारे आहेत की अजून, पुढच्या वर्षी परत अंडी देतील. बोल्ट घट्ट केला आणि आठही कर्णे खाली सोडले.

पिल्लं आली. थोरल्या खडपाच्या म्हाताऱ्यांनी दिलेली, उरलीसुरली, सगळी आली. पण पावसाळ्यानंतर टाकलेल्या सांगाड्यांवरच्या फांद्या ऑक्टोबरच्या तापलेल्या पाण्यात मरून गेल्या होत्या. पिल्लांना लपायला एक झुडूप नव्हतं. गोबऱ्यांना, खडकात दबा धरणाऱ्या त्या शिकारी माशांना, ते आधी कळलं. हाताएवढाले गोबरे पिंजऱ्याभोवती गोल करून बसले आणि नुसतं तोंड उघडत आणि मिटत राहिले. केतकी चित्रीकरण करत होती. पिल्लं वेडीपिशी होऊन भेग शोधत होती आणि त्या उघड्या खडकावर भेग एकाच ठिकाणी होती. पिंजऱ्यात, कर्ण्यांच्या मधे. तिनं तीस मीटरचा नियम मोडला आणि त्यांच्या मागोमाग आत गेली.

वर आली तेव्हा तिनं मुखवटाही काढला नाही.

"कर्णे आठ हत," ती म्हणाली.

मी होडीत बसलो होतो, हातात दोर.

"दोन होते ना, बाबा?"

"दोन होते."

"कधीपास्ना आठ?"

"आठ दोन वर्सांपास्ना. त्याच्या आदी सहा. त्याच्या आदी चार."

"प्रत्येक वेळेक किती चढवलंस?"

"सहा डेसिबल."

सहा डेसिबल चढवले की पोच साधारण दुप्पट होते. हे तिला मीच शिकवलं होतं, ती सातवीत असताना, जत्रेच्या मंडपात. तिनं होडीचा काठ धरला आणि हळूहळू मोजलं. "दोन किलोमीटराचे चार. चाराचे आठ. आठाचे सोळा." मग तिनं बाहेर समुद्राकडे पाहिलं, पंधरा किलोमीटरवर थोरलं खडप होतं तिकडे. "आणि मीटर?"

"खडकाच्या पाठीमागे बसयलंय."

"तुका कधी समाजला?"

इथे मी अजून एक खोटं बोलू शकलो असतो. आत्ता समजलं, म्हणालो असतो, तर कदाचित तिनं मला माफ केलं असतं. "मे म्हयन्यात," मी म्हटलं. "तू थोरल्यावरसून वर इलंस ना, तेव्हाच."

"म्हणजे सा म्हयने." तिचा आवाज चढला नाही. "सा म्हयने तू माझ्यासमोर बसान च्या घेतलंस."

"तुझी परीक्षा, केतकी. माका वाटला..."

"ही शेवटची पिल्लां होती, बाबा. खाली गोबरे खातत ती. शेवटची!"

ती किनाऱ्यापर्यंत पोहत गेली, होडीत बसली नाही. मी पोचेपर्यंत तिनं खोलीत जाऊन अँप्लिफायर बंद केला होता आणि पुण्याला फोन लावला होता. निबंध तिनं स्वतः मागे घेतला, मागे घ्यायचं कारण स्वतः लिहिलं, माझं नाव न गाळता. पीएचडी गेली. डॉक्टर सोहोनी आल्या, खडकामागच्या कपारीतला मीटर हातात घेऊन पडवीत बसल्या. "पाच वर्षं मी पुण्यात बसून हा आकडा वाचला, मेथर," त्या म्हणाल्या. "एकदाही खाली उतरून पाहिलं नाही." मला त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर केतकी नोकरी शोधायला कुठे गेली नाही. दर पंधरा दिवसांनी ती थोरल्या खडपावर जाते आणि मोजते. दुसरा कोणी तिला होडी देत नाही अशातला भाग नाही, पण ती माझ्याच होडीत येते. का, ते मी विचारलेलं नाही. जाताना बोलत नाही, येताना बोलत नाही. वर आली की आकडा सांगते, मी वहीत लिहितो. पहिल्या वेळी चौऱ्याण्णव होते. होळीला सत्तर. पावसाळ्यानंतर एकतीस.

म्हातारे मरणारच, ते मला ठाऊक होतं. पण अंडी का देत नाहीत ते कळत नव्हतं. न राहवून एकदा विचारलं, तर तिनं सांगितलं, वर्गात शिकवावं तसं, माझ्याकडे न बघता. या माशांच्या कुटुंबात सगळ्यात मोठा एकच नर असतो, बाकीच्या माद्या. नर मेला की सगळ्यात मोठी मादी हळूहळू नर होते आणि तिची जागा खालून वाढत आलेली घेते. खालून कोणी आलंच नाही तर एकामागून एक माद्या नर होत जातात. शेवटी झुडपात एकटा उरतो तो नर असतो. आता एका झुडपात एक, दुसऱ्यात एक, मधे चार हात वाळू, आणि ती ओलांडायची त्यांची रीत नाही.

"तू उचलून ठेव एकमेकांकडे," मी म्हटलं. माझी अक्कल तेवढीच.

तिनं ते आधीच ठरवलं होतं. दोन नर एकत्र आले तर कधीकधी लहान असतो तो परत मादी होतो, असं तिच्या पुस्तकात होतं. तिनं पिशवीतून एक मासा नेला, दुसऱ्याच्या झुडपात सोडला आणि वाट बघत थांबली. मोठ्यानं त्याला फांद्यांतून हाकललं. तो वाळूवर आला, परत शिरला, परत हाकललं. तिसऱ्यांदा तो वाळूवर आला तेव्हा खालून एक गोबरा उठला. केतकीनं हे मला सांगितलं आणि त्या दिवशी ती परतताना माझ्यासमोर रडली, पण मी हात पुढे केला तेव्हा सरकून बसली. आणखी तीन जोड्यांना तिनं करून बघितलं. मग सोडून दिलं.

काल आम्ही गेलो होतो. समुद्र अगदी निवळ, सकाळचे दहा वाजलेले, ऊन पाण्यात खोलवर उतरलेलं. ती वर आली.

"चार," ती म्हणाली. "चार झाडांत चार."

मी लिहिलं. तिनं टाकी उतरवली आणि पिशवीतून पाण्यातला माईक काढला. डॉक्टरांनी मागवलं होतं, थोरल्या खडपाचा आजचा आवाज नोंदवून ठेवायचा म्हणून. तिनं केबल सोडली, यंत्र माझ्याकडे सरकवलं, कारण ते काम अजून माझंच. मी हेडफोन लावला.

एवढा स्वच्छ आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. कोळंब्या तडतडत होत्या, कोणीतरी घुमत होतं, कोणीतरी दगड कुरतडत होतं. सगळी झुडपं जिवंत, सगळी घरं रिकामी, आणि खडप आपल्या जागेवर बसून जेवढं बोलवावं तेवढ्याच आवाजात बोलवत होतं. ना कमी ना जास्त. माझ्या अख्ख्या धंद्यात मला ते कधी जमलं नव्हतं. चारी बाजूंच्या पाण्यात त्या हाकेला येणारं एकही पिल्लू नव्हतं.

मी हेडफोन तिच्याकडे दिला. तिनं एका कानाला लावला. थोडा वेळ ऐकत राहिली.

"बंद कर, बाबा."

"गो, ह्या आपला न्हय," मी म्हटलं. "ह्या खडप हा."

"ठावक हा माका," ती म्हणाली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं माझा हात धरला, मनगटाला, घट्ट, दुखेल इतका. "बंद कर."

मी केबल ओढून माईक वर घेतला. होडीत सगळं शांत झालं. खाली ते चालूच होतं.